गौरवीला रडवायचा दिवस

गौरवीच्या पहिल्या वाढदिवशी तिला रडवायचं, असं क्षमानं जाहीर केलं तेव्हा तिचे सासरे यशवंत चहात पाव बुडवत होते. हात तिथंच थबकला आणि पाव फुगून कपात पडला. एरवी पाव असा पडला की पाववाल्या पोदेराच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. त्या सकाळी त्यांनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"रडवूचां म्हणजे काय?" ते कुजबुजले.

"कान टोचूचे, बाबा. बारश्याक रवले ते. सगुण शेटांक सांगून इलंय मी. मामाच्या मांडयेर बसवूचां, टोचूचे, आणि रडलां तर रडांदेत."

यशवंतांनी बायकोकडे पाहिलं. "गो, ही बघ काय म्हणता."

मालतीनं ऐकलंच नाही असं दाखवलं. घरातल्या कुठल्याही वादात मालती आपल्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनं असे, आणि आत्ता तिच्याजवळ फक्त मांजर होतं.

ज्या घरात वर्षभर माणसं शिंकायलासुद्धा मागच्या पडवीत जात होती, तिथं मुद्दाम पोरीला रडवायची भाषा म्हणजे देवळात चपला घालून शिरण्यासारखंच. गौरवी जन्मली तीच हृदयाला भोक घेऊन. शिवाय हृदयातून फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. रडायला लागली की ओठ निळे, नखं निळी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत हिला फार रडू देऊ नका. निळी पडलीच तर गुडघे दुमडून छातीशी धरा आणि तडक घेऊन या. डॉक्टरांनी 'फार' म्हटलं होतं. गाडी धारगळला पोचेपर्यंत तो 'फार' वाटेत कुठंतरी पडला आणि यशवंतांनी घरात पाऊल टाकताच हुकूम काढला की चेडू रडता कामा नये.

यशवंतांची सगळी नोकरी बसच्या दारात लोंबकळून 'म्हापसा, म्हापसा' ओरडण्यात गेलेली. त्यांचा आवाज महामार्गापलीकडे जायचा. तो त्यांनी खुंटीला टांगला आणि कुजबुजायला सुरुवात केली. पोदेराला सायकलचा भोंगा आंब्याच्या वळणापासून मुका ठेवायची ताकीद मिळाली. मालतीचा कुकर शिट्टीसकट माळ्यावर गेला आणि डाळ पुन्हा टोपात शिजायला लागली. शिगम्यात ढोल बडवत नाचणारा रोमटामेळ रस्त्यानं आला तेव्हा यशवंत आडवे हात करून वाटेत उभे राहिले. मग चाळीसेक बाप्ये गळ्यात ढोल, डोक्याला गुलाल, असे चवड्यांवर चालत घरासमोरून गेले, आणि पुढच्या वाड्यावर पोचल्यावर त्यांनी सगळा राग त्या ढोलांवर काढला.

गुडघे छातीशी धरायचा सराव सगळ्यांनी करायचा असंही ठरलं. त्यासाठी यशवंतांनी एक कोहळा तवालात गुंडाळला आणि एकेकाला बोलावलं. त्यांचे धाकटे भाऊ गोकुळदास शेजारच्या अर्ध्या घरात राहत. त्यांच्या हातून तो कोहळा निसटला. कोहळ्याचं सांबारं झालं आणि गोकुळदासांना बाळाला हात लावायची बंदी झाली. बंदी उठवण्यासाठी त्यांनी स्वतःच्या परड्यातला दुसरा कोहळा आणून अंगणात सगळ्यांदेखत सराव करून दाखवला.

गोकुळदासांनी तर त्याहून मोठा त्याग केला होता. त्यांचा एक तुरेबाज कोंबडा होता. तो पहाटेचा नेम पाळत नसे. मनाला येईल तेव्हा आरवे. गौरवी दोनदा त्याच्या आवाजानं दचकून रडली. मग एके दिवशी गोकुळदासांनी त्याला पिशवीत घातलं, केरीला मेव्हणीकडे नेऊन सोडलं आणि येताना तिथल्या वाळूत बसून एकटेच पुष्कळ वेळ दर्या बघत राहिले. तेव्हापासून थोरल्या भावाशी बोलताना तिसऱ्या वाक्याला कोंबडा यायचाच.

आणि ह्या दोन भावांना भांडल्याशिवाय तर अन्न पचत नसे. आवाज चढवायची सोय नाही, मग भांडणार कसं? त्यावर उपाय सापडला तो बारशाच्या दिवशी. देवाला गाऱ्हाणं घातलं जात होतं, पोरगी ओठ काढून रडायच्या बेतात होती, आणि दहा बाप्ये एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाले. गौरवीचा ओठ आत गेला. तिनं डोळे मोठे करून सगळ्यांकडे पाहिलं, आणखी एकदा म्हणा अशा नजरेनं. तेव्हापासून घरातली सगळी भांडणं गाऱ्हाण्याच्या चालीत व्हायला लागली.

"बा देवा म्हाराजा," गोकुळदास पडवीत हात जोडून सुरू करत, "माझ्या थोरल्या भावान काल पंप बंद केलो नाय आणि माझ्या मिरच्यांत तळां झालां."

"व्हय म्हाराजा," बाकीचे म्हणत.

"बा देवा म्हाराजा," यशवंत लगेच उत्तर देत, "पंपाचो खटको माझ्या भावाच्या भिंतीर आसा आणि तेका कुलूप पण तेणांच घातल्यान."

"व्हय म्हाराजा."

होकार दोघांनाही सारखाच मिळत असल्यानं कुठलाही वाद निकालात निघत नव्हता. पण पाळण्यातून गौरवीचं हसू ऐकू येई, आणि तिचे ओठ त्या वेळी तरी गुलाबी असत.

आषाढात ऑपरेशन झालं. त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नाही. आत सहा महिन्यांची पोर, बाहेर बाकावर सगळे ओळीनं, आणि कुणालाच कुणाशी भांडावंसं वाटत नव्हतं, एवढं सांगितलं की पुरे. भोक बुजलं, वाट मोकळी झाली. पुढच्या तपासणीला डॉक्टर हसत म्हणाले, आता ही इतर मुलांसारखी. खेळू दे, पडू दे, रडू दे.

खेळू दे, पडू दे इथपर्यंत यशवंतांनी ऐकलं. चतुर्थीला त्यांच्या घरची आरती झांजांशिवाय, दोन बोटांच्या टाळ्यांवर झाली. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र ते खिशात घेऊन फिरत आणि कुणी पाहुणा आला की आधी पोरीच्या, मग स्वतःच्या आणि मग पाहुण्याच्या बोटाला लावत. गौरवी तर आता पक्की सरकार झाली होती. नुसतं तोंड अर्धं उघडलं की सहा हात सहा वस्तू घेऊन पुढं येत. आजोबांचा चष्मा तिचा, चुलत आजोबांची मिशी तिची, रिमोट तिचा. ह्या पोरीला रडणं म्हणजे काय तेच विसरायला झालं होतं.

आणि क्षमाला नेमकं तेच खात होतं. डॉक्टरांचे शब्द तिनं ऐकले होते, यंत्रावरचे आकडे पाहिले होते. पण तिच्या डोळ्यांनी गौरवीला शेवटचं रडताना पाहिलं ते चौथ्या महिन्यात, आणि तो चेहरा जांभळासारखा होता. त्यानंतर पोरीला कुणी रडूच दिलं नाही, तर नवा चेहरा दिसणार कुठून? रात्री पोरगी शांत झोपली तरी क्षमा उठून मोबाइलच्या उजेडात तिचे ओठ बघायची. एकदा, फक्त एकदा, ती पोटभर रडावी आणि ओठ लाल राहावेत. त्याशिवाय क्षमाचा विश्वास बसणार नव्हता, आणि विश्वास बसला नाही तर ही पोर जन्मभर तवालातला कोहळा होऊन राहील, हेही तिला दिसत होतं.

तिचा नवरा साईश वास्कोला बंदरात कामाला. शनिवारी घरी आल्यावर त्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागल्या.

"तुझां खरां आसा," तो क्षमाला म्हणाला. मग बाहेर जाऊन बापाला म्हणाला, "बाबा, तुमचांय खरां आसा." हा मुलगा मालतीवर गेला होता.

गोकुळदास आधी कान टोचण्याच्या विरोधातच होते. पण थोरला भाऊ विरोधात आहे हे कळताच त्यांना आपलं मत तपासून पाहावंसं वाटलं.

"कान टोचूकच व्हये," ते क्षमाला म्हणाले. "नाय तर मी कोंबो कित्याक दिलंय? चेडू बरां जावचां म्हणान दिलंय मा? मगे बरां झालां काय नाय ता बघूक नको?"

वाढदिवसाच्या सकाळी क्षमाचा भाऊ प्रवीण डिचोलीहून आला. प्रवीण खाणीवरचा टिपर चालवणारा, दाराच्या चौकटीत आडवा न मावणारा गडी. भाचीचे कान टोचताना मांडी मामाची, त्यामुळं नवा सदरा घालून आला होता. सोबत फुगे आणले होते. यशवंतांनी ते दारातच ताब्यात घेतले आणि अंगणात खुर्चीवर बसून एकेका फुग्याची गाठ सोडून हवा हळूच, आवाज न करता काढून टाकली. शेवटी प्रवीणच्या हातात रंगीत चिंध्या आल्या.

"फुटले तर आवाज जातलो," यशवंतांनी समजावलं.

पाट मांडला. गुळखोबरं आलं, हळद-तेलाची वाटी आली. गौरवीला जरीचं परकर-पोलकं घातलं. सगुण शेट मात्र आला नाही. तो पेडण्याच्या बाजारातला जुना सोनार, दिलेली वेळ न चुकवणारा. क्षमानं वाट पाहिली. यशवंत इतक्या निरागस चेहऱ्यानं नारळ सोलत बसले होते की तिला संशय आला. तिनं फोन लावला.

"बाय, मी कसो येतलंय?" शेट पलीकडून जड आवाजात म्हणाला. "तुमच्या घराक सुतक. तुझ्या सासऱ्यान सकाळीच फोन केल्यान मा. वायट झालां गो. मनीस बरो होतो."

"कोण मनीस?"

"गोकुळदास."

क्षमानं पडवीकडे पाहिलं. कैलासवासी गोकुळदास गौरवीला मिशी ओढायला देत बसले होते.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही शेटांक काय सांगलांत?"

यशवंतांच्या हातातला नारळ खाली पडला, पण आधी त्यांनी पाय पुढं केला होता म्हणून आवाज झाला नाही. "मी म्हटलंय सुतक पडलां," ते कळवळत पाय चोळू लागले. "लांबचां कोणतरी म्हणान सांगतलो होतंय. शेटान विचारल्यान, कोण गेलो? आता येकदम नाव खंयचां सुचतलां? तोंडाक इलां ता सांगलंय."

"आणि तोंडाक माझां इलां?" गोकुळदास उठून उभे राहिले. त्यांच्या मानेची शीर फुगली, छाती भरून आली, आणि मांडीवरून उतरलेल्या गौरवीनं ओठ काढला. गोकुळदासांनी तो ओठ पाहिला, भरलेला श्वास सावकाश सोडला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," ते थरथरत्या चालीत म्हणाले, "माझ्या सख्ख्या थोरल्या भावान माका जित्याक मारल्यान."

"व्हय म्हाराजा," सवयीनं सगळे म्हणाले.

"आणि ह्याच भावासाठी मी कोंबो दिलंय."

"व्हय म्हाराजा."

"आता मी स्कूटर काढतंय, पेडण्याच्या बाजारात जातंय, आणि शेटाक पाठीक बसवन हाडतंय. मेलेलो मनीस काय करता ता बघांदे तो."

"व्हय म्हाराजा," म्हणणाऱ्यांत यशवंतही होते. आपण कुणाच्या बाजूनं ओरडलो ते त्यांच्या मागाहून लक्षात आलं.

गोकुळदास बाजारात शिरले तेव्हा निम्म्या बाजाराला त्यांच्या मरणाची बातमी लागली होती. मासेवाली हातातला पापलेट टाकून उठली. शेटनं आधी त्यांना चिमटा काढून पाहिला, मग स्वतःला, आणि मग हत्यारांची पेटी घेऊन मुकाट्यानं मागं बसला. वाटेत दोघांनी रस्त्यात थांबवून गोकुळदासांकडेच त्यांच्या मृत्यूबद्दल दुःख व्यक्त केलं. ते घरी पोचले तेव्हा बरेच खुशीत होते. आपण गेल्यावर लोक आपल्याबद्दल बरं बोलतात हे फार थोड्यांना ऐकायला मिळतं.

आता क्षमाची पाळी आली. तिनं शेटला हात साबणानं धुवायला लावले, मग स्पिरिटनं पुसायला लावले. डॉक्टरांना विचारून सगळं ठरवलं होतं. जखमेतून जंतू काळजापर्यंत जाऊ नयेत म्हणून द्यायचा औषधाचा डोस सकाळीच देऊन झाला होता. सुई आणि सोन्याची तार तिनं इडलीच्या भांड्यात उकळायला ठेवली.

"अख्ख्या पेडण्याचे कान मी टोचलंय," शेट दुखावून म्हणाला, "पण माझी सुई कोणी शिजवूक नाय."

"अख्ख्या पेडण्याच्या काळजाक टाके नाय घातलेले, शेट," क्षमा म्हणाली. सुई शिजेपर्यंत शेटनं एक पेला चहा घेतला.

प्रवीण पाटावर मांडी घालून बसला. गौरवीला मांडीवर घेतलं. शेटनं वाफाळलेली सुई उजेडात धरली. प्रवीणनं ती पाहिली, "बारीक आसा मा?" असं विचारलं, आणि शेट "आसा" म्हणेपर्यंत त्याचे डोळे पांढरे झाले. साईशनं झडप घालून पोरगी उचलली म्हणून बरं. मामा मात्र नव्या सदऱ्यासकट मागच्या मागे कलंडला, आणि टिपर उलटावा तसं घर हललं. मालती कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरत बसली. आता प्रवीण तिच्याजवळ असल्यानं ती त्याच्या बाजूनं झाली होती. "सकाळपासून उपाशी आसा तो, म्हणान झालां," ती सांगत राहिली. आंबोळ्या त्यानं सातच खाल्ल्या होत्या.

मामाची मांडी गेली. सगळ्यांनी क्षमाकडे पाहिलं.

क्षमानं साईशच्या हातून गौरवीला घेतलं. पोरीच्या अंगाला खोबरेल तेलाचा वास येत होता. पोलक्याच्या गळ्यातून छातीवरच्या व्रणाचं वरचं टोक दिसत होतं. आठवडाभर क्षमानं ह्या क्षणासाठी घरादाराशी वैर घेतलं होतं, आणि आता तिला एवढंच कळत होतं की ही पोर आत्ता हसते आहे. ओठ निळे झाले तर? डॉक्टर चुकले असले तर? मग परत तो बाक, परत ते दार. तिच्या हातांनी आपसूक पोरीचे गुडघे दुमडून छातीशी धरले.

"रवांदेत," ती म्हणाली. "आज नको. फुडच्या वर्सा बघूया."

गोकुळदासांचं तोंड उघडं राहिलं. "गो, मी मरान परत इलंय."

"नको, काका. माझ्यान जावचां नाय."

यशवंत कोपऱ्यात उभे होते. ते जिंकले होते. एवढी खटपट, भाऊ मारला, आणि शेवटी बिनकष्टाची जीत पदरात पडली होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. ते सुनेच्या हातांकडे बघत होते. मग चष्मा काढून त्यांनी तो खिशात ठेवला आणि पाटावर जाऊन बसले.

"हाड तिका हय," ते म्हणाले.

"बाबा, नको म्हटलां मा मी."

"बाय, आयक." ते नेहमीसारखे कुजबुजत होते, पण आज त्यांना मोठ्यानं बोलणं जमलंही नसतं. "वर्सभर मी भियालंय. जेवताना, न्हिदताना, सदीच. माका भियांक जमलां, कित्याक, तर तू भियेनास. तू गाडयेत बसलंस, डॉक्टरांक विचारलंस, सही केलंस. मी म्हणी, आसा ती, आपण भियांक मोकळे. आता तू भियालंस तर घरात कोणीतरी भिनासताना रवूक व्हया. आज माका रवांदे."

क्षमाला रडू आलं. तिनं गौरवीला सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं, खिडकीपाशी गेली आणि बाहेर तोंड करून गजांना धरून उभी राहिली. बघायचं धैर्य तिच्यात नव्हतं.

मागं शेट पुटपुटला. खोबऱ्याचा तुकडा पोरीच्या हातात दिल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही.

क्षमाला ही शांतता ठाऊक होती. आधी तोंड उघडतं, श्वास आत जातो आणि तिथंच अडकतो. निळं व्हायला सुरुवात तेव्हाच होते. घरात कुणी हललं नाही. प्रवीणच्या नाकाशी धरलेला कांदासुद्धा थांबला असावा.

आणि मग गौरवी रडली. वर्षभराचं थकलेलं एकदम वसूल केल्यासारखी ती रडली. माळ्यावरचा कुकर, पोदेराचा भोंगा आणि शिगम्याचे ढोल सगळे त्या एका गळ्यातून बाहेर आले. पायांचा धावण्याचा आवाज झाला. कुणी खुळखुळा घेतला, कुणी रिमोट उचलला, आणि साईश घाईघाईत "बा देवा म्हा..." म्हणून सुरूही झाला.

"कोणी हलू नकात." हा आवाज धारगळनं वर्षभरात ऐकला नव्हता. महामार्गापलीकडे जाणारा, चालत्या बसला थांबवणारा. "रडांदेत तिका."

सगळे जागच्या जागी थिजले. गौरवी त्या आवाजानं आणखी भडकली आणि आणखी रडली.

क्षमा गजांकडे तोंड करूनच होती. "रंग?" तिनं विचारलं. वर्षभर ह्या घरात हाच एक शब्द विचारला गेला होता. "बाबा, रंग कसो आसा?"

यशवंतांनी सांगायचा प्रयत्न केला. नुसते ओठ हलले. मांडीवरच्या पोरीवर त्यांच्याच डोळ्यांतलं पाणी टपटपत होतं.

गोकुळदास वाकून बघत होते, नाक पोरीच्या नाकाला टेकेल इतके जवळ. "तांबडो," ते म्हणाले. आणि बहुतेक स्वतःलाच पटावं म्हणून परत म्हणाले, "तांबडोभडक गो. ओठ तांबडे, नाक तांबडां, कान... कान तर इचारू नको."

समोरच्या घरातली जानकी धापा टाकत दारात आली. तिच्यामागं आणखी दोघीतिघी. त्या घरातून रडणं ऐकू आलं म्हणजे काय समजायचं, हे वाड्याला ठाऊक होतं. कुणी गाडीची चावीसुद्धा घेऊन आलं होतं.

"काय झालां गो?" जानकीनं विचारलं.

मालती कांदा हातात घेऊनच दारात गेली. तिनं पदर सारखा केला. पहिल्या नंबरानं पास झालेल्या नातीबद्दल सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "काय नाय. चेडू रडता आमचां."

जानकीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून ती ऐकत राहिली. बाकीच्याही बसल्या.

क्षमा वळली. पोरीचा चेहरा खरंच लाल होता, भिजलेला, रागावलेला, आणि कुठंही निळा नव्हता. ती बघत राहिली. पोटभर बघितल्यावर तिनं पाऊल उचललं, तेवढ्यात सगुण शेट खाकरला.

"तसां न्हय," तो संकोचत म्हणाला, "पण कान दोन असतत."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे खरंच कुणाच्या ध्यानात नव्हतं. प्रवीण अंग सावरून उठू लागला होता तो पुन्हा आडवा झाला. यशवंतांची मान खाली गेली. एका कानापुरतंच धैर्य त्यांनी आणलं होतं. गौरवीला मात्र आता सुई कशाला म्हणतात ते कळलं होतं. शेटच्या हाताकडे बोट दाखवून ती किंचाळत होती.

"बाबा, उठा," क्षमा म्हणाली.

यशवंत उठले. क्षमा पाटावर बसली, रडणाऱ्या पोरीला तिनं मांडीवर घेतलं, तिचं डोकं आपल्या छातीशी टेकवलं आणि तिचा चेहरा आपल्याकडे वळवला, अगदी समोर, जिथून ओठ नीट दिसतील.

"टोचा, शेट," ती म्हणाली.